मिलिअँप अण्णा

लाइट गेली की आमच्या सोसायटीत कुणी मेणबत्ती शोधतं, कुणी इन्व्हर्टरवाल्याचा उद्धार करतं आणि दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा मल्टिमीटर शोधतात. अंधारात मल्टिमीटर सापडत नाही, त्याला टॉर्च लागते. अण्णांकडे टॉर्चा ढिगाने आहेत, पण त्या घडीला एकही धड नसते. एकीचं डोकं काढलेलं, दुसरीचं बूच हरवलेलं, तिसरीचा सेल चार्जरवर आणि चौथी म्हणे ‘निरीक्षणाखाली’. शेवटी वहिनी मोबाइलचा दिवा लावून पुढे येतात आणि म्हणतात, “हं, शोधा आता.”

अण्णांना टॉर्चचा नाद आहे असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. नाद असलेला माणूस टॉर्च घेऊन राजगडावर जातो, पद्मावती माचीवर भलत्याच्या तंबूवर झोत मारतो आणि शिव्या खाऊन खाली येतो. अण्णांनी गड पाहिले ते शाळेच्या सहलीत. उजेडात त्यांना फारसा रसच नाही. सेलमधून करंट किती निघाला, ड्रायव्हर नावाच्या आतल्या सर्किटने त्यातला किती एलईडीपर्यंत पोचवला आणि मधल्या मधे किती खाल्ला, एवढीच त्यांची चौकशी. या चौकशीत उजेड पडतो, त्याला त्यांचा इलाज नाही.

चौकशी हा शब्द मी उगाच वापरला नाही. अण्णांची उभी नोकरी जकात नाक्यावर गेली. ट्रक थांबवायचा, बिल्टी वाचायची, ताडपत्री वर करायची आणि बिल्टीवर ‘जुने कपडे’ लिहिलेल्या गठ्ठ्यातून मिक्सर बाहेर काढायचे. पुण्यातली जकात 2013 साली गेली, तिच्या जागी एलबीटी आला, आणि त्याच सुमारास अण्णाही निवृत्त झाले. दोघांना एकाच हाराने निरोप दिला, असं ते सांगतात. जकात गेली तरी नजर गेली नाही. बंद खोकं दिसलं की अण्णांचा हात शिवशिवतो. श्रीखंडाचा डबा असला तरी आधी वजन वाचतात, मग काटा मागवतात.

अशा माणसाच्या हातात मुलाने एका दिवाळीत चिनी टॉर्च दिली. खोक्यावर लिहिलेलं होतं, 8000 लुमेन. अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं, चष्मा काढून वाचलं आणि खोकं टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. नोकरीत त्यांना जे व्यापारी भेटले ते सगळे माल कमी दाखवणारे. दहा पेट्या असल्या की सात लिहिणारे. आठ हजार लिहून आत पाचशे भरणारा व्यापारी त्यांना निवृत्तीनंतर भेटला. ही लबाडी त्यांना नवीन होती आणि नवीन लबाडी पकडण्यात जो आनंद असतो तो नातवंडांत नसतो, असं ते नातवंडांसमोर सांगतात.

त्यांनी जकातीच्या जुन्या पद्धतीची एक वही आखली आहे. ‘मालाचे वर्णन’, ‘घोषित’, ‘प्रत्यक्ष’, ‘तफावत’ आणि ‘शेरा’. टॉर्चा आल्या तशा नोंदल्या आहेत. शेऱ्याच्या रकान्यात कुठे ‘ठीक’, कुठे ‘ड्रायव्हर सुस्त’, कुठे ‘स्प्रिंग बारीक, बदलावी’, आणि बऱ्याच ठिकाणी लाल शाईने ‘लबाड’.

मोजणीचा विधी असा. टॉर्चचं मागचं बूच, ज्यात बटण असतं, ते फिरवून काढायचं. आत सेलचा सपाट चकचकीत बुडखा दिसतो, ते त्याचं ऋण टोक. भोवती अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची कड. मल्टिमीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात खोचायची, चक्री 10 अँपिअरवर आणायची, काळा प्रोब सेलच्या बुडाला टेकवायचा आणि लाल प्रोब नळीच्या कडेला. कड उघड्या धातूची पाहिजे, कारण नळीवर जो रंगासारखा काळा थर असतो त्यातून वीज जात नाही. टेकवलं की टॉर्च पेटते, कारण बुचातल्या बटणाचं काम आता मीटर करत असतो. सेलमधून निघालेल्या करंटला परत सेलमध्ये यायला दुसरी वाट नाही. “एकच रस्ता, त्याच्यावर आपला नाका,” अण्णा समाधानाने म्हणतात. “बायपास नाही. गेला माल की मोजूनच गेला.”

आता दोन हातांत दोन प्रोब म्हटल्यावर टॉर्च धरायची कशाने? अण्णा ती दोन गुडघ्यांत धरतात. त्यामुळे झोत खिडकीतून निघून समोरच्या बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर जातो. तिथल्या काकूंनी आधी पडदे लावले, मग जाड पडदे लावले. आता त्या पडदा बाजूला करून विचारतात, “आला का हो आकडा? मला कुकर लावायचाय.”

आकडा एका दमात येत नाही. अण्णांचा पहिला मीटर म्हणजे दोन-अडीचशे रुपयांचा पिवळा डबा, आणि त्या जातीच्या मीटरवर 10 अँपिअरच्या भोकाशेजारी एक ताकीद छापलेली असते: जास्तीत जास्त दहा सेकंद मोजा, मग पंधरा मिनिटं थांबा. एवढ्या करंटने मीटर आतून तापतो आणि त्या भोकाच्या मागे फ्यूजही नसतो, म्हणून. जगात कुणीही ही ताकीद वाचत नाही. अण्णा वाचतात आणि पाळतात. टॉर्चच्या खोक्यावरच्या एका अक्षरावर विश्वास न ठेवणारा हा माणूस मीटरवरच्या अक्षरापुढे हात जोडून उभा राहतो. दहा सेकंद झाले की प्रोब वर. मग भिंतीवरचं घड्याळ आणि पंधरा मिनिटं.

खरा धोका त्या पंधरा मिनिटांचा. ‘जरा माझी टॉर्च बघता का’ म्हणून आलेला माणूस त्यांत सापडतो. टॉर्चला मंद, मध्यम, प्रखर आणि टर्बो असे चार प्रकार असतील तर चार मोजण्या, म्हणजे मधल्या तीन विश्रांती. पहिल्या विश्रांतीत 18650 या सेलचं नाव समजावून सांगितलं जातं. 18 मिलिमीटर जाडी, 65 मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट, 3 व्होल्टच्या आसपास आला की त्याला फार छळू नये. दुसऱ्या विश्रांतीत चहा होतो. तिसऱ्या विश्रांतीत पाहुणा आपली टॉर्च सोडून जायला तयार होतो.

एकदा मात्र विपरीत झालं. करंट मोजून झाल्यावर त्याच सेलचं व्होल्टेज बघावं म्हणून अण्णांनी चक्री व्होल्टवर नेली, पण लाल वायर 10 अँपिअरच्या भोकातच राहिली. त्या भोकाला आतून जवळपास सरळ तारच जोडलेली असते. सेलच्या दोन टोकांना दोन प्रोब लावले, म्हणजे अण्णांनी सेलला तारच जोडली. चांगला लिथियम सेल अशा वेळी पाच-दहा अँपिअरवर थांबत नाही. ठिणगी उडाली, वायरीचं आवरण मऊ पडलं आणि घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या तेव्हा अण्णा घड्याळाकडे बघत होते. “दोन सेकंदसुद्धा झाले नव्हते गं,” ते म्हणाले. त्यानंतर मीटरवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात दुसरी ताकीद चिकटवली आहे: ‘लाल वायर कुठे आहे?’

मग संशय खुद्द मीटरवर आला. एकाच टॉर्चचे आकडे दोन मीटरवर वेगळे येत. खोदून पाहता कळलं की मीटरच्या बारीक वायरींनाही रोध असतो. वायरी, खोचणी आणि मीटर मिळून तो एक दशांश ओहम धरला, तरी 3 अँपिअरला 0.3 व्होल्ट वाटेतच गेले. एलईडीला चालायला लागतात साधारण 3 व्होल्ट आणि सेल देतो चार. या एका व्होल्टाच्या संसारातले 0.3 मोजणाऱ्यानेच घेतले, तर साध्या टॉर्चचा करंट चांगलाच घसरतो आणि मीटर बिचारा आकडा दाखवतो तो घसरलेला. अण्णांना हे फार लागलं. नाक्यावरचा कारकूनच पोत्यातली मूठ काढून घेतोय, असा तो प्रकार होता, आणि उभ्या नोकरीत त्यांनी चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायलेला. त्यांनी गीझरच्या कामातून उरलेली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर शोधून काढली, मीटरच्या वायरी काढून टाकल्या आणि हातभर तांबं दोन्हीकडे खोचलं. आकडा 2.3 वरून 2.9 वर गेला. त्या दिवशी वहीतल्या जुन्या नोंदींसमोर ‘फेरतपासणी’ असा शिक्का पडला. शिक्का खरा आहे, रबरी, तो त्यांनी निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून आणला होता.

विजेची वाट तोडायची गरजच नाही, तारेभोवती चिमटा धरला की करंट कळतो, हे ऐकल्यावर अण्णांनी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनचा क्लॅम्पमीटर मागून आणला. तारेभोवती धरला, आकडा आला शून्य. टॉर्च लख्ख पेटलेली आणि करंट शून्य. अण्णा दोन दिवस त्या शून्याने भारले होते. मग इलेक्ट्रिशियन मीटर न्यायला आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, “अण्णा, हा एसीचा आहे. सेलचं त्याला कळत नाही.” बदलत्या विजेवर चालणाऱ्या चिमट्याला सेलची एकाच दिशेने वाहणारी वीज दिसत नाही. तिला हॉल परिणामावर चालणारा डीसीचा चिमटा लागतो. अण्णा त्याच दुपारी तपकीर गल्लीत गेले. पाच दुकानांत ‘डीसी पण चालतो ना?’ असं विचारलं, पाचही ठिकाणी ‘चालतो’ असं उत्तर मिळालं, आणि पाचही ठिकाणी अण्णांनी खिशातून टॉर्च काढून काउंटरवर पडताळणी केली. सहाव्या दुकानात खरेदी झाली. पहिल्या पाच दुकानांत अण्णांचं नाव अजून निघतं, पण ते वेगळ्या स्वरात.

अण्णांचा खरा पराभव पुढेच होता. दोन सेलच्या टॉर्चने तो केला.

एका सेलच्या ज्या टॉर्चा त्यांनी तपासल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच टॉर्चांमध्ये ड्रायव्हर म्हणजे एएमसी 7135 नावाच्या डाळीच्या दाण्याएवढ्या चिपांची रांग. एक चिप 350 मिलिअँपिअर सोडते, त्याहून जास्त नाही. आठ चिपा असल्या की 2.8 अँपिअर. आत आले तेवढेच अँपिअर बाहेर गेले, जास्तीचं व्होल्टेज उष्णता होऊन उडालं. हिशोब चोख. अण्णांना या चिपांबद्दल सख्ख्या भावासारखं प्रेम आहे.

दोन सेलच्या टॉर्चमध्ये ‘बक’ नावाच्या वेगळ्या जातीचा ड्रायव्हर निघाला. सेल भरलेले असताना शेपटीला, म्हणजे बुचाच्या टोकाला, करंट आला 1.2 अँपिअर. अण्णांनी डोकं उघडून एलईडीच्या तारेला चिमटा लावला, तर तिथे 3 अँपिअर. आत सव्वा आणि बाहेर तीन! बरं, पुढचा प्रकार त्याहून भयंकर. सेल उतरत चालले तसा शेपटीचा करंट कमी व्हायचा सोडून वाढायला लागला. सेल 8.4 व्होल्टवरून 6 व्होल्टवर आले आणि करंट 1.2 वरून 1.7 वर गेला. अण्णा रात्रभर जागे. नाक्यावरून बारा पोती गेली आणि मंडईत तीस विकली गेली, याचा अर्थ कुठेतरी चोरवाट आहे. त्यांनी टॉर्च पार सोलून काढली. चोरवाट नव्हती.

सकाळी चहा घेताना त्यांनी सगळं वहिनींपुढे मांडलं. वहिनी मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “दोन्हीकडचे व्होल्ट सारखे आहेत का?” नव्हते. सेलकडे आठ होते, एलईडीकडे तीन. “मग नुसते अँपिअर काय मोजताय? गुणाकार करा. आणि दिवा तेवढाच ठेवायचा तर सेल उतरल्यावर करंट जास्त ओढणारच की.” अण्णांनी गुणाकार केला. सेलकडून साधारण 10 वॅट निघत होते, एलईडीला 9 मिळत होते, एक वॅट ड्रायव्हरने खाल्ला होता. नव्वद टक्के कार्यक्षमता, म्हणजे उत्तम ड्रायव्हर. अण्णांनी वहीत ‘घोषित’ रकान्याच्या शेजारी व्होल्ट आणि वॅट असे दोन नवे रकाने आखले. रकान्यांवर वहिनींचं नाव नाही. वहिनींनी मेथीची जुडी संपवली.

यानंतर अण्णांचा जम बसला. पेटलेली टॉर्च फिरत्या पंख्यावर धरून ते पाती थबकतात का बघतात. थबकली तर ड्रायव्हर मंद उजेड देण्यासाठी एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतोय हे उघड होतं, आणि शेरा पडतो ‘फडफड्या’. बंद असतानाही बटणाचा इलेक्ट्रॉनिक मेंदू किती पितो, तेही ते मोजतात. 20 मायक्रोअँपिअर असले तर चांगला सेल संपायला कागदावर वीस वर्षं लागतात, पण एक मिलिअँपिअर असला तर पाच महिन्यांत न वापरता सेल खलास. कपाटात ठेवलेली टॉर्च ऐन वेळी लागत नाही, त्यामागे अनेकदा हीच गळती असते. हे त्यांच्याकडून कळल्यापासून मी माझ्या टॉर्चचं बूच अर्धा आटा सैल करून ठेवतो. नळीच्या आट्यांवर काळा थर असेल तर एवढ्याने वाट तुटते.

उजेड किती वेळ टिकतो याची चाचणी अण्णा बाथरूममध्ये घेतात. पांढऱ्या फरश्या, पांढरं छत. टॉर्च छताकडे तोंड करून उभी, बादलीवर लक्समीटर, दार बंद, बाहेर पाटी: ‘चाचणी चालू’. टॉर्च तापते, आणि बऱ्यापैकी ड्रायव्हर असेल तर तापल्यावर तो स्वतःच करंट कमी करतो. म्हणून अण्णा तिच्यावर टेबलफॅन सोडतात. “मला एवढ्या वर्षांत भाकऱ्या करताना कधी पंखा लावून दिला नाही,” वहिनी पाटीकडे बघून म्हणतात. गणपतीत पाहुणे आले तेव्हाही अशीच एक चाचणी चालू होती, आणि बाप्पांच्या दर्शनाला आलेली मंडळी आधी शेजारच्या फ्लॅटमध्ये जाऊन मग आरतीला उभी राहिली.

या क्षेत्रालाही कायदेकानू आहेत. अमेरिकेत 2009 साली एएनएसआय एफएल-1 नावाचं मानक ठरलं. उजेड पेटवल्यावर तीस सेकंदांनी मोजायचा, आणि तो सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ म्हणजे ‘रनटाइम’. अण्णांना पहिला नियम मान्य आहे. दुसऱ्याचं नाव काढलं की ते तापतात. “नव्वद टक्के माल गेला तरी दुकान चालू म्हणायचं?” झोताचा पल्लाही असाच. जिथे उजेड पाव लक्स उरतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, तिथपर्यंत पल्ला धरतात. खोक्यावर 300 मीटर लिहिलं असेल तर तीनशे मीटरवर काहीतरी उभं आहे एवढं दिसेल, ते म्हैस आहे की मेव्हणा हे जवळ गेल्यावरच कळेल. माझ्या मते कायदा नसण्यापेक्षा हा बरा. पण स्वस्त टॉर्चांच्या खोक्यांना हा कायदाही ठाऊक नसतो, आणि अण्णांच्या संतापाचा स्फोट झाला तो आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत.

वॉचमनसाठी सोसायटीने टॉर्च घेतली होती. बिलावर लिहिलेलं: ‘रिचार्जेबल टॉर्च, 1,00,000 लुमेन’. हिशोबाला मंजुरी मागताच अण्णा उठले.

“अध्यक्षमहाराज, हरकत आहे.”

“अण्णा, आठशे रुपयांची टॉर्च आहे. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

“रकमेला हरकत नाही. लाखाला आहे.”

मीटर पिशवीत होताच. चिमटाही होता, पण गंभीर प्रसंगी अण्णा पिवळा डबाच काढतात. बूच निघालं, प्रोब टेकले, टॉर्च पेटली, 0.86 अँपिअर. दहा सेकंद. प्रोब वर. “आता पंधरा मिनिटं,” अण्णा म्हणाले, आणि सभेला हिशोब सांगायला लागले. घरातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारण नऊशे लुमेन देतो. एक लाख लुमेन म्हणजे असे एकशे दहा बल्ब, म्हणजे हजार वॅट. एका सेलमधून हजार वॅट काढायचे तर 270 अँपिअर करंट लागेल. उत्तमातला उत्तम घेतला तरी त्या मापाच्या सेलमध्ये वीज भरलेली असते तेरा वॅट-तास, म्हणजे ती सत्तेचाळीस सेकंदांत संपेल. “वॉचमन गेटवरून ए विंगपर्यंत पोचायच्या आत!” प्रत्यक्षात एलईडीला मिळतायत अडीच वॅट, म्हणजे अडीचशे लुमेन. चारशेवा हिस्सा.

अध्यक्ष म्हणाले, “पण उजेड बरा पडतो हो.” वॉचमनला साक्षीला बोलावलं. तो म्हणाला, “साहेब, कंपाउंडवरचं मांजर दिसतं.”

“मांजर अडीचशे लुमेनलाही दिसतं!” अण्णा कडाडले. “नाक्यावर हा माल आला असता ना, तर मी मोजलाच नसता. लिहिलाय तेवढ्यावर जकात लावली असती. एक लाखावर. मग बघतो कोण लिहितोय!”

माझ्या मते आयात मालाविषयी इतकी नामी सूचना आजवर कुठल्या अर्थमंत्र्यालाही सुचलेली नाही. सभा मात्र दुसऱ्या मोजणीची वाट बघता बघता पांगली, गणपूर्तीचा प्रश्न आला आणि टाकीचा विषय पुढच्या सभेवर गेला. इतिवृत्तात ‘टॉर्च: 0.86 अँपिअर, अण्णांची हरकत नोंदवली’ एवढी एकच ठोस नोंद आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णा त्या टॉर्चमधला सेल घेऊन ओळखीच्या सराफाकडे गेले. सेलवर 9900 मिलिअँपिअर-तास असं लिहिलं होतं. या मापाचे नामवंत कंपन्यांचे सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात आणि भरतात पंचेचाळीस ग्रॅमच्या वर-खाली. सराफाने सेल काट्यावर ठेवला. बत्तीस ग्रॅम. “मोडायचाय का?” त्याने सवयीने विचारलं.

जुन्नरकडचे वहिनींचे भाऊ दिवाळीला आले तेव्हाची हकिकत सांगितल्याशिवाय अण्णा पुरे होत नाहीत. तिकडे शेतीपंपाला लाइट येते ती पाळीपाळीने, आणि रात्रीची पाळी असली की रात्रभर उसाला दारं धरावी लागतात. पायाखाली सापाची भीती आणि उसात बिबट्याची. टेबलावरच्या टॉर्चांकडे बघून ते म्हणाले, “दाजी, ही लांब फेकणारी नको मला. रात्रभर जळंल अशी द्या.”

अण्णांकडे इतकी वर्षं येणाऱ्यांपैकी कुणी असं मागितलं नव्हतं. सगळे ‘सगळ्यात पॉवरफुल कुठली?’ विचारणारे. अण्णांनी आठ चिपांची एक टॉर्च उघडली, खाऱ्या शेंगदाण्यांची बशी बाजूला सारली आणि सोल्डरिंग आयर्न तापवून सात चिपा एकेक करून उचकल्या. एकच ठेवली. 350 मिलिअँपिअर, शंभर-सव्वाशे लुमेन. चांगल्या सेलवर साडेनऊ तास. शिवाय इतक्या कमी करंटला एलईडी तीन व्होल्टच्या आतच भागवतो, आणि या चिपला स्वतःसाठी व्होल्टाचा जेमतेम आठवा हिस्सा पुरतो. म्हणजे सेल जवळपास रिकामा होईपर्यंत उजेड हलत नाही. पूर्वीच्या पितळी टॉर्चमध्ये दोन मोठे सेल आणि बल्ब असायचा, तिचा उजेड मध्यरात्री पिवळा आणि पहाटे तांबडा व्हायचा. हिचा तसा होणार नाही, हे अण्णांनी मेव्हण्यांना आलेख काढून समजावलं. मेव्हणे शेंगदाणे खात होते.

महिन्याने फोन आला. “दाजी, बॅटरी चांगली हाय. फोकस कमी पडतो जरा. पण सांजच्याला होता तेवढाच उजेड पहाटंला होता.”

“तेवढाच?” अण्णा खुर्चीतून उठले. “तेवढाच ना? यालाच रेग्युलेशन म्हणतात! बरं, पहाटे सेलचं व्होल्टेज किती उरलं होतं?”

“दाजी,” मेव्हणे म्हणाले, “मी बिबट्याकडं बघत होतो.”

त्या नोंदीपुढे ‘प्रत्यक्ष’चा रकाना अजून रिकामा आहे आणि अण्णांना त्याची रुखरुख आहे. पुढच्या खेपेला मेव्हण्यांबरोबर एक मीटरही गेला. त्यांच्या वस्तीवरून तशाच आणखी टॉर्चांची मागणी आली, मीटरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तुमच्याकडे टॉर्च असेल आणि तिच्याबद्दल शंका असेल तर अण्णांकडे जरूर जा. पैसे घेत नाहीत, मनापासून बघतात आणि खरं सांगतात. रविवारी सकाळी दहानंतर जा, सेल आदल्या रात्री भरून न्या, टॉर्चचं खोकंही न्या कारण ‘घोषित’ रकाना त्यावरून भरतात. चार प्रकारांची टॉर्च असेल तर दुपारची कामं आधी उरकून घ्या. बाथरूमला जायचं असेल तर घरूनच जाऊन या.